रॅकेटचं डोकं वेळेवर पोहोचतं का?

14 एप्रिल 2023 रोजी जपानमधल्या सोका शहरात, योनेक्स कंपनीच्या कारखान्यातल्या व्यायामशाळेत बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज रंकीरेड्डीनं मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी 565 किलोमीटर भरला. आधीचा विक्रम मलेशियाच्या तान बून हिओंगचा, 2013 मधला, ताशी 493 किलोमीटरचा. तो सात्विकनं मोडला ‘नॅनोफ्लेअर 1000 झेड’ या रॅकेटनं, आणि ही रॅकेट कंपनी विकते ती ‘हेड-लाइट’ म्हणून, म्हणजे डोक्याकडे हलकी असलेली.

आपल्याकडे दुकानात किंवा कोर्टवर विचारलं, की सल्ला नेमका उलट मिळतो. ‘स्मॅश जोरात हवा ना? मग हेड-हेवीच घ्या.’ हा सल्ला अगदी चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेतला, तर कोणत्याही दोन रॅकेटची तुलना स्वतःची स्वतः करता येते आणि जाहिरातीच्या भाषेवर अवलंबून राहावं लागत नाही.

शटलचं वजन नियमानुसार 4.74 ते 5.50 ग्रॅम असतं. रॅकेट त्याच्या पंधरापट, सोळापट जड. समोरची वस्तू इतकी हलकी असली, की डोक्यात आणखी दोन-तीन ग्रॅम घालून तिच्या वेगात फार थोडी भर पडते. फटक्याच्या क्षणी रॅकेटचं डोकं किती वेगानं येतं, याचा परिणाम कितीतरी मोठा असतो. हेड-हेवी रॅकेटचा फायदा ती तितक्याच वेगानं फिरवू शकणाऱ्याला मिळतो. ज्याचा हात तिच्यामुळे मंदावतो, त्याच्या स्मॅशचा जोर कमीच होतो. तेव्हा पहिला प्रश्न हा, की तुमच्या हातून या रॅकेटचं डोकं शटलपाशी वेळेवर पोहोचतं का? वजन, तोल, शाफ्टची लवचीकता, गटिंग (तारांची विणाई) आणि ग्रिप या पाचही गोष्टींकडे याच प्रश्नातून बघायचं.

वजन: पाच ग्रॅमचा फरक

रॅकेटच्या मुठीवर जो शंकूसारखा निमुळता भाग असतो, त्यावर किंवा त्याच्या आसपास ‘4यू जी5’ असं काहीतरी बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्यातला ‘यू’ वजनाचा. योनेक्सच्या पद्धतीत 3यू म्हणजे 85 ते 89.9 ग्रॅम, 4यू म्हणजे 80 ते 84.9 आणि 5यू म्हणजे 75 ते 79.9. आकडा वाढतो तसं वजन कमी होतं. यातली मेख अशी, की 4यू ही एक पट्टी आहे. एकाच मॉडेलच्या दोन 4यू रॅकेटमध्ये जवळपास पाच ग्रॅमपर्यंत फरक असू शकतो. मित्राची रॅकेट हातात छान वाटली म्हणून तीच मागवली आणि आलेली वेगळी वाटली, तर तो केवळ मनाचा खेळ असेलच असं नाही.

जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या नियमांत रॅकेटच्या वजनाला मर्यादाच नाही. मर्यादा आहे ती मापांना: एकूण लांबी 680 मिलिमीटरपर्यंत, रुंदी 230 पर्यंत, आणि तारा विणलेला भाग 280 बाय 220 च्या आत. वजन मात्र साहित्यानं ठरवलं. सांगलीचे नंदू नाटेकर 1956 साली क्वालालंपूरला सेलँगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकले, तो काळ लाकडी चौकटीच्या रॅकेटचा होता. खेळ संपला की चौकट वाकू नये म्हणून रॅकेट लाकडी प्रेसमध्ये घालून चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवावी लागे. पुढे स्टील आणि ॲल्युमिनियम आलं, मग कार्बन फायबर आलं, आणि वजन शंभरीच्या बरंच खाली उतरलं. कार्बनमुळे आणखी एक सोय झाली. तंतूंचे थर कुठे जाड, कुठे पातळ आणि कोणत्या कोनात लावायचे हे ठरवून वजन हवं तिथे ठेवता येऊ लागलं. आज दोन रॅकेटमधला खरा फरक याच मांडणीत असतो.

तोल: बोटावर दिसतो त्याच्या पलीकडे

तोल बघायची रीत सगळ्यांना माहीत आहे. शाफ्ट एका बोटावर आडवा ठेवायचा, रॅकेट स्थिर राहते तो तोलबिंदू. मुठीच्या बुडापासून तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. ढोबळमानानं 285 मिलिमीटरच्या आत आलं तर हेड-लाइट, 285 ते 295 मध्ये समतोल आणि 295 च्या पुढे हेड-हेवी. हे आकडे गटिंग न केलेल्या रॅकेटचे आहेत. तारांचं वजन तीन-चार ग्रॅमच, पण ते सगळं डोक्यात येतं, त्यामुळे गटिंगनंतर तोलबिंदू साधारण सेंटिमीटरभर वर सरकतो. एकाच्या हातात कोरी रॅकेट आणि दुसऱ्याच्या हातात गटिंग केलेली, अशी तुलना म्हणूनच निरर्थक ठरते.

आता एक छोटा हिशेब करू. गटिंग न केलेली 84 ग्रॅमची रॅकेट आहे, तोलबिंदू 305 मिलिमीटरवर. मुठीवर 5 ग्रॅमची ओव्हरग्रिप गुंडाळली; तिचा मध्य बुडापासून 90 मिलिमीटरवर धरू. 84 गुणिले 305 अधिक 5 गुणिले 90, भागिले 89. उत्तर येतं सुमारे 293. बोटावरचा तोल तब्बल 12 मिलिमीटर खाली आला! कागदावर हेड-हेवी असलेली रॅकेट एका ग्रिपनं समतोल झाली.

पण कोर्टवर गेल्यावर डोकं तितकंच जड लागतं. याचं कारण, रॅकेट फिरवताना हाताला जाणवतो तो विरोध वजनाबरोबरच त्याच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असतो. पकडीपासून 57 सेंटिमीटर दूर, डोक्याच्या टोकाला 2 ग्रॅमची पट्टी चिकटवली, तर 2 गुणिले 57 चा वर्ग, म्हणजे जवळपास 6,500 एकक विरोध वाढतो. मुठीवरची 5 ग्रॅमची ग्रिप पकडीच्या पाच-सहा सेंटिमीटर आसपासच असते. तिची भर शंभर-सव्वाशेच्या घरात. वजनानं अडीचपट असूनही फिरवण्याच्या हिशेबात ती पन्नासपट कमी. हातोडी दांड्याला धरून हलवा आणि मग लोखंडाला धरून हलवा. वजन तेच, पण मनगटाला लागणारा जोर वेगळा. या दुसऱ्या मोजमापाला स्विंगवेट म्हणतात. बोटावरचा तोल त्याचा फक्त अंदाज देतो. म्हणून ‘जाड ग्रिप लावली की हेड-हेवी रॅकेट हलकी होते’ या समजुतीवर विसंबून जड रॅकेट घेऊ नये. ग्रिपनं बोटाला फसवता येतं, डिफेन्समध्ये उशीर होणाऱ्या मनगटाला नाही.

शाफ्ट: वाकणं आणि सरळ होणं

मूठ आणि डोकं यांना जोडणारा शाफ्ट जेमतेम सात मिलिमीटर जाडीचा असतो. हात पुढे येऊ लागला, की डोकं क्षणभर मागे राहतं आणि शाफ्ट वाकतो. पुढे तो सरळ होतो. तो सरळ होण्याचा क्षण आणि शटलला भिडण्याचा क्षण जुळून आले, तर कमी कष्टात शटल लांब जातं. मऊ शाफ्ट कमी वेगातही वाकतो आणि थोड्या सावकाशीनं सरळ होतो. कडक शाफ्ट वाकवायला वेगवान हात लागतो, पण तो चटकन परत येतो आणि शटल जिकडे रोखलं तिकडेच जातं.

योनेक्सच्या दोन हेड-हेवी रॅकेट शेजारी शेजारी घेतल्या, तर हे नीट कळतं. ‘ॲस्ट्रॉक्स 77’ चा शाफ्ट मध्यम लवचीक. ‘ॲस्ट्रॉक्स 100 झेडझेड’ चा अतिशय कडक. डेन्मार्कच्या व्हिक्टर ॲक्सेलसेनच्या हातात प्रेक्षकांनी जी पाहिली ती हीच. दोन्हींचं डोकं जड. 77 नं मागच्या रेषेवरून टॉस, म्हणजे शटल उंच मागे पाठवणारा फटका, मारताना शाफ्टची मदत जाणवते, फटका किंचित उशिरा बसला तरी शटल बऱ्यापैकी मागे जातं. 100 झेडझेडला वेळ अचूक साधली, तर शटल तीरासारखं सुटतं. वेळ चुकली, तर ते अर्ध्या कोर्टात पडतं आणि हादरा कोपरापर्यंत येतो. नियमित व्यायाम नसलेल्या, आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या माणसाला ही रॅकेट बक्षीस कमी आणि शिक्षा जास्त देते. ती वाईट आहे असं नव्हे. ती ज्या हातासाठी बनवली आहे, तो हात रोज तासन्‌तास सराव करतो.

कोर्टवर तीन स्वभाव

बाजारातली नावं शेकडो असली, तरी बहुतेक मोठ्या कंपन्यांची विभागणी तीन स्वभावांत होते. योनेक्समध्ये ॲस्ट्रॉक्स ताकदीची, नॅनोफ्लेअर वेगाची आणि आर्कसेबर नियंत्रणाची. व्हिक्टरमध्ये थ्रस्टर, ऑरास्पीड आणि ड्राइव्हएक्स ही त्याच धर्तीची नावं.

जड डोक्याची रॅकेट मागच्या कोर्टवर सुखावते. हात वर जातो, डोकं स्वतःच्या वजनानं पुढे येतं आणि टॉस, स्मॅश, जोरकस ड्रॉप यांना एक वजन मिळतं. पण तिची परीक्षा होते समोरच्यानं अंगावर स्मॅश मारल्यावर. जोरदार स्मॅश आपल्यापर्यंत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो, आणि पहिला परतवल्यावर दुसरा त्याहून लवकर येतो. पहिल्या स्मॅशला रॅकेट बॅकहँडला नेली, आता उजव्या खांद्याकडे आणायची आहे. हात निघतो, डोकं मागे रेंगाळतं, शटल चौकटीवर आदळून बाजूच्या कोर्टवर जातं. हलक्या डोक्याची रॅकेट इथे सोनं ठरते. ड्राइव्हच्या चकमकीत आणि नेटजवळ शटल वरच्या वर टिपताना ती आधी पोहोचते. मात्र मागून टॉस मारताना डोक्याचं वजन मदतीला येत नाही. खांदा, कोपर आणि मनगट यांचा क्रम नीट नसेल, तर शटल आखूड पडतं.

आर्कसेबर घराण्यातल्या समतोल रॅकेटचा गुण वेगळा आहे. ‘आर्कसेबर 11 प्रो’ सारख्या रॅकेटवर शटल तारांवर किंचित थांबून गेल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात शटल आणि तारा यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच असतो. हाताला जाणीव होईपर्यंत शटल निघून गेलेलं असतं. आपल्याला मिळतो तो नंतर आलेल्या कंपनांचा निरोप. तरी हा निरोप मोलाचा, कारण पुढचा ड्रॉप किती हळू टाकायचा हे आपण त्यावरूनच शिकतो. नेटवर नाजूक खेळणाऱ्यांना या रॅकेट आवडतात, त्या याचसाठी.

दुहेरीत एकाच जोडीला दोन स्वभाव लागतात, हेही कंपन्यांनी ओळखलं आहे. ॲस्ट्रॉक्स 88 ही रॅकेट ‘डी’ आणि ‘एस’ अशा दोन रूपांत येते. पहिली मागून मारा करणाऱ्यासाठी, दुसरी पुढे राहून डाव रचणाऱ्यासाठी. सात्विक आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांचा खेळ बघताना ही वाटणी स्पष्ट दिसते. सात्विक मागून उंच उडी मारून घाव घालतो आणि चिराग नेटजवळ वाट बघत उरलेलं काम संपवतो. तुम्ही जोडीदाराबरोबर ठरलेल्या जागी खेळत असाल, तर रॅकेटही त्या जागेप्रमाणे निवडा.

गटिंग: निम्मी रॅकेट तारांमध्ये

लोक रॅकेटवर महिनाभर विचार करतात आणि गटिंगचा निर्णय दुकानदारावर सोपवतात. मला याची खरोखर हळहळ वाटते, कारण शटलला स्पर्श फक्त तारांचा होतो. महागड्या चौकटीत ढिल्या, जुन्या तारा असतील, तर ती महागडी रॅकेट तुम्ही अजून वापरलेलीच नाही.

तारेच्या दोन गोष्टी बघायच्या, जाडी आणि ताण. ‘बीजी 65’ ही 0.70 मिलिमीटर जाडीची तार टिकाऊ आहे, तिचा आवाज थोडा दबका. ‘बीजी 80’ 0.68 ची, तर ‘बीजी 66 अल्टिमॅक्स’ 0.65 ची. बारीक तार चटकन परत ढकलते, खणखणीत वाजते आणि लवकर तुटते. त्या आवाजापासून सावध राहायला हवं. टणत्कार मोठा आला की फटका जोरात बसला असं वाटतं. शटल कुठे पडलं ते बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

ताणाबद्दलचा गैरसमज आणखी पक्का आहे. ‘जास्त ताण म्हणजे जास्त ताकद’ असं सर्रास ऐकू येतं. घडतं उलटं. कमी ताणाची जाळी दबते आणि शटलला परत ढकलते, चांगला फटका बसणारी मधली जागाही मोठी राहते. ताण वाढवला की जाळी कडक होते, दिशा नेमकी मिळते, पण ताकद हातानं पुरवावी लागते आणि मधोमध न बसलेला फटका मरतो. नवशिक्यानं 20 ते 22 पौंड, नियमित खेळणाऱ्यानं 23 ते 26 पौंड ही सुरक्षित पट्टी आहे. अव्वल खेळाडू 28 च्या पुढे जातात. त्यांच्या रॅकेटला वारंवार नव्या तारा लागतात, आणि त्या लावून द्यायला माणूस असतो. चौकटीवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. गटिंग करताना आडव्या तारा उभ्यांपेक्षा साधारण दोन पौंड जास्त ओढायची पद्धत आहे, ती चौकटीचा आकार टिकावा म्हणून. हे काम नीट करणारा माणूस सापडला, की त्याला सोडू नये.

ग्रिपबद्दल थोडक्यात. ‘जी5’ ही मूठ ‘जी4’ पेक्षा बारीक. बारीक मुठीत बोटं मोकळी राहतात आणि नेटवर, बॅकहँडला बोटांचा जोर लावता येतो. फार बारीक झाली, तर आपण ती आवळून धरतो आणि मनगट अडकतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामानं ग्रिप सुटत असेल, तर टॉवेल ग्रिप लावा. निसटणारी मूठ आवळून धरण्यात रॅकेटचे सगळे गुण वाया जातात.

तुलना कशी करावी

दोन रॅकेट प्रामाणिकपणे तोलायच्या असतील, तर एकावेळी एकच गोष्ट बदलायला हवी. दोन्हींना एकच तार, एकच ताण, एकाच दिवशी केलेलं गटिंग. ताण पहिल्या दिवसांतच सर्वांत जास्त उतरतो, त्यामुळे आठ महिने जुन्या तारांशी ताज्या तारांची तुलना अन्यायाची होते. ग्रिप सारखी. शटलही सारखं: सोसायटीच्या कोर्टवर नायलॉनचं आणि क्लबमध्ये पिसांचं, असं झालं तर हाताला रॅकेटचा नाही, शटलचा फरक कळतो.

मग कोर्टच्या रेषाच मोजपट्टी म्हणून वापरा. मागच्या रेषेच्या आत 76 सेंटिमीटरवर दुहेरीच्या सर्व्हिसची रेषा असते. आपल्या मागच्या कोपऱ्यातून एका रॅकेटनं दहा टॉस मारा आणि समोरच्या त्या पट्ट्यात किती पडले ते जोडीदाराला मोजायला सांगा. नंतर दुसऱ्या रॅकेटनं दहा. पुढे डिफेन्स: जोडीदारानं पटापट शटल अंगावर मारायची, आपण परतवायची. इथे किती परत गेली याच्याबरोबर किती उशिरा भिडली तेही मोजा. उशीर झालेलं शटल बाजूला जातं किंवा चौकटीवर आदळतं, त्यामुळे ते लपत नाही. स्मॅश सगळ्यांत शेवटी मारा, कारण त्याची नशा बाकीचा निवाडा बिघडवते.

आणि हे सगळं दमल्यावर पुन्हा करा. ताज्या हाताला प्रत्येक रॅकेट आवडते. तिसऱ्या गेममध्ये, खांदा जड झाल्यावर जिच्या टॉसची लांबी टिकते आणि जिच्यानं डिफेन्स कोसळत नाही, ती तुमची रॅकेट. पहिल्या दहा मिनिटांत झकास आणि शेवटी उशीर करणारी रॅकेट हात मजबूत झाल्यावर पुढे कधीतरी घ्या.

पालकांना एक कळकळीची विनंती. बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या आवडत्या खेळाडूची कडक, जड रॅकेट घेऊन देऊ नका. कौतुक म्हणून दिलेली ती रॅकेट त्याला खांद्यानं ओढून मारायची सवय लावते, आणि ती सवय मोडायला पुढे प्रशिक्षकाची वर्षं जातात. 4यू किंवा 5यू, समतोल, मध्यम लवचीक शाफ्ट आणि 20-22 पौंड एवढं त्याला पुष्कळ आहे. कोपर किंवा खांदा दुखणाऱ्या मोठ्या माणसांनाही हीच जोडणी मानवते. चौकटीवरचे पैसे थोडे वाचवून ते नियमित गटिंगवर आणि चांगल्या शटलवर खर्च केले, तर खेळ जास्त सुधारतो.

जगातला सर्वांत वेगवान स्मॅश हलक्या डोक्याच्या रॅकेटनं मारला गेला आणि ॲक्सेलसेनसारखा खेळाडू जड डोक्याची रॅकेट घेऊन ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकतो, यात विसंगती काहीच नाही. दोघांच्याही हाताच्या वेगाशी त्या त्या रॅकेटचं वजन जुळलं. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. त्यासाठी दोन सारख्या गटिंगच्या रॅकेट, एक जोडीदार आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते.